अंगावर पित्त उठते तेव्हा : मास्ट पेशीवरचा आयजीई-ग्राही

शरीर जिथे बाहेरच्या जगाला भिडते तिथे मास्ट पेशी दाटीने आढळतात. त्वचेच्या आतल्या थरात, नाकाच्या आणि श्वासनलिकांच्या अस्तरात, आतड्याच्या भिंतीत, डोळ्यांच्या पापण्यांखालच्या पातळ पडद्यात त्या असतात, आणि बहुधा एखाद्या बारीक रक्तवाहिनीला किंवा चेतातंतूला लगटून असतात. त्यांचा उगम अस्थिमज्जेत होतो. मात्र तिथून त्या अर्धवट घडलेल्या अवस्थेत बाहेर पडतात, रक्तातून ऊतींमध्ये पोचतात आणि तिथेच पक्व होतात. त्यामुळे नेहमीच्या रक्ततपासणीत मास्ट पेशी दिसत नाहीत. एकदा ऊतीत स्थिरावलेली पेशी आठवडे, कधी कधी महिने जगते.

पाउल एरलिख या जर्मन वैज्ञानिकाने १८७८ मध्ये आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधात या पेशींचे वर्णन केले. ॲनिलीन रंग वापरले की त्यांच्या पोटातल्या असंख्य कणिका मूळ रंगापेक्षा वेगळ्याच छटेत उठून दिसतात, हे त्याने दाखवले. त्या कणिकांत काय आहे हे कळायला मात्र बराच काळ जावा लागला. हिस्टामिन हे रसायन शरीरात मुख्यतः मास्ट पेशींच्या कणिकांत साठवलेले असते, हे जेम्स रायली आणि जेफ्री वेस्ट यांनी १९५३ मध्ये सिद्ध केले. हिस्टामिनबरोबर हेपॅरिन, ट्रिप्टेज, कायमेज अशी द्रव्येही तिथे तयार स्थितीत असतात. कणिका बाहेर रिकाम्या झाल्या की काही मिनिटांत त्वचेवर लाल, खाजऱ्या गांधी उठतात, नाक वाहू लागते, छाती भरते. अंगावर पित्त उठले असे घरोघरी म्हटले जाते आणि गेरू किंवा आमसुलाचे पाणी लावले जाते, तेव्हा त्वचेत हेच घडत असते.

मास्ट पेशीला स्वतःहून कोळंबी ओळखता येत नाही, घरातली धूळही ओळखता येत नाही. ओळख पटवणारे रेणू तिच्या पृष्ठभागावर बसलेले असतात. त्यांना ग्राही म्हणतात. मास्ट पेशीवर अनेक प्रकारचे ग्राही असतात, पण तिच्या जीवनक्रमात सर्वांत महत्त्वाचा ठरलेला ग्राही इम्युनोग्लोब्युलिन-ई, म्हणजे आयजीई, या प्रतिपिंडाला धरून ठेवणारा आहे. शास्त्रीय लेखनात त्याला एफसी-एप्सिलॉन-आर-वन असे नाव आहे. या प्रकरणात त्याला आयजीई-ग्राही म्हटले आहे. एकाच ताटातली कोळंबी एकाला मानवते आणि दुसऱ्याच्या जिवावर बेतते, याचे कारण कोळंबीत सापडत नाही. दुसऱ्याच्या मास्ट पेशींवरच्या ग्राहींवर काय बसले आहे, यात ते सापडते.

रक्तातला हस्तांतरणीय घटक

ॲलर्जीचा गुण एका माणसाच्या रक्तातून दुसऱ्याच्या त्वचेत नेता येतो, हे १९२१ मध्ये कार्ल प्राउस्निट्स आणि हाइन्झ क्युस्टनर यांनी दाखवले. क्युस्टनरला मासे चालत नसत. त्याच्या रक्तातला द्रव भाग, म्हणजे रक्तद्रव, प्राउस्निट्सने स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. प्राउस्निट्सला मासे खाऊन कधी त्रास झालेला नव्हता, तरी त्या जागी गांध उठली. यातून दोन गोष्टी कळल्या. ॲलर्जीला कारण असलेला घटक रक्तद्रवात असतो, आणि तो त्वचेतल्या कशाला तरी चिकटून निदान एक दिवस तिथे टिकून राहतो. पुढे काही दशके ही पद्धत निदानासाठी वापरली गेली. परक्या रक्तातून कावीळ पसरण्याचा धोका लक्षात आल्यावर ती मागे पडली.

तो घटक हाती लागायला पंचेचाळीस वर्षे लागली, कारण रक्तात तो अत्यल्प असतो. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर इथे रॅगवीड या तणाच्या परागांची ॲलर्जी असलेल्या रुग्णांच्या रक्तद्रवातून तो वेगळा ओळखला. दुसऱ्या बाजूला स्वीडनमधल्या उप्साला इथे गुन्नार योहान्सन आणि हान्स बेनिच यांना अस्थिमज्जेच्या कर्करोगाच्या एका रुग्णात एक अपरिचित प्रतिपिंड विपुल प्रमाणात सापडले होते. ते त्यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केले. दोन्ही गटांनी आपापले नमुने ताडून पाहिले आणि दोघांचा पदार्थ एकच निघाला. १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत त्याला आयजीई हे नाव मिळाले.

निरोगी माणसाच्या रक्तात आयजीईचे प्रमाण आयजीजी या नेहमीच्या प्रतिपिंडाच्या तुलनेत हजारो पटींनी कमी असते. शिवाय रक्तात मोकळे फिरणारे आयजीई साधारण दोन दिवसांत निम्मे होते. इतक्या तुटपुंज्या, अल्पायुषी प्रतिपिंडाने इतका मोठा परिणाम घडवावा, हे ग्राहीमुळे शक्य होते. ग्राहीवर एकदा बसलेले आयजीई तिथे आठवडेच्या आठवडे राहते. रक्तात आयजीई फारसे दिसत नसतानाही मास्ट पेशी त्याने लदलेल्या असू शकतात.

ग्राहीची घडण

आयजीई-ग्राहीवरचे बरेचसे मूलभूत काम अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हेन्री मेट्झगर यांच्या प्रयोगशाळेत झाले. ग्राहीचे सर्व घटक एकत्र आणून पेशीवर संपूर्ण ग्राही उभा करणे १९८९ मध्ये जमले. त्याची आयजीईला धरणारी बाजू प्रत्यक्ष कशी दिसते, हे क्ष-किरण स्फटिकचित्रणाने १९९८ मध्ये कळले, आणि आयजीईसह जोडलेल्या स्थितीतले चित्र २००० मध्ये प्रसिद्ध झाले.

मास्ट पेशीवरचा हा ग्राही चार प्रथिन-साखळ्यांचा असतो : एक अल्फा, एक बीटा आणि दोन गॅमा. अल्फा साखळीचा मोठा भाग पेशीच्या बाहेर असतो आणि आयजीईला धरण्याचे काम तोच करतो. आयजीईचा रेणू बेचकीसारखा असतो. बेचकीचा दांडा अल्फा साखळीत रुततो आणि दोन्ही फाटे बाहेर मोकळे राहतात. कोळंबीचे असो वा परागाचे, परके प्रथिन पकडण्याची जागा या फाट्यांच्या टोकांवर असते. बीटा साखळी पेशीच्या पटलातून चार वेळा आरपार जाते आणि आत जाणारा संदेश वाढवते. दोन गॅमा साखळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि त्यांची शेपटे पेशीच्या आत लोंबत असतात. या शेपटांवर टायरोसिन या अमिनो आम्लाच्या ठरावीक जागा असतात. बाहेरच्या घटनेचे आतल्या रासायनिक क्रियेत रूपांतर तिथूनच सुरू होते.

एका ग्राहीवर एकच आयजीई बसतो. मात्र एका पेशीवर असे ग्राही लाखांच्या घरात असू शकतात, आणि प्रत्येकावरचा आयजीई वेगळ्या पदार्थाविरुद्ध घडलेला असू शकतो. एकाच मास्ट पेशीवर धुळीतल्या किड्याविरुद्धचे, झुरळाविरुद्धचे आणि कोळंबीविरुद्धचे आयजीई शेजारी शेजारी असतात. पेशी कुणाला प्रतिसाद देणार हे तिच्या घडणीत ठरलेले नसते. त्या माणसाच्या शरीराने आजवर कशाविरुद्ध आयजीई घडवले, त्यावर ते ठरते. रक्तातली बेसोफिल ही पांढरी पेशीही याच चार साखळ्यांचा ग्राही बाळगते.

दोन ग्राही जवळ आले की

ग्राहीवर आयजीई बसला म्हणून पेशी पेटत नाही. ॲलर्जी असलेल्या माणसाच्या सर्व मास्ट पेशी वर्षभर आयजीई अंगावर घेऊन शांत असतात. आयजीईच्या फाट्यावर परका रेणू येऊन बसला, तरी तो एकट्या एका आयजीईला चिकटला असेल तर काहीच घडत नाही. एकाच परक्या रेणूने दोन किंवा अधिक आयजीई पकडले आणि त्यांच्याखालचे ग्राही एकमेकांजवळ ओढले गेले, तरच संदेश आत जातो.

याचा पुरावा साध्या पण काटेकोर प्रयोगांतून आला. आयजीईविरुद्धचे प्रतिपिंड त्वचेत टोचले की गांध उठते, कारण त्याला दोन फाटे असतात आणि ते दोन आयजीई एकत्र आणते. तेच प्रतिपिंड तोडून एकफाटी तुकडा टोचला तर गांध उठत नाही, हे इशिझाका दांपत्याने दाखवले. पुढे १९७७ मध्ये मेट्झगर यांच्या गटाने आयजीईचे दोन रेणू रासायनिक रीत्या कायमचे जोडून मास्ट पेशींना दिले. कोणताही परका पदार्थ नसताना केवळ त्या जोडीने पेशींच्या कणिका रिकाम्या झाल्या. परका पदार्थ फक्त ग्राहींना एकत्र आणण्याचे निमित्त असतो. पेशीला खरा इशारा मिळतो तो ग्राहींच्या सान्निध्यातून.

ग्राही एकत्र आल्यावर लिन नावाचे विकर गॅमा साखळीच्या शेपटांवरच्या टायरोसिनला फॉस्फेट जोडते. त्या खुणेवर सिक हे दुसरे विकर येऊन बसते आणि लॅट या प्रथिनाला फॉस्फेट जोडते. लॅटभोवती इतर प्रथिने गोळा होतात. त्यांतले फॉस्फोलायपेज-सी पटलातल्या एका स्निग्ध रेणूचे दोन तुकडे करते, आणि त्यांपैकी एक तुकडा पेशीच्या आतल्या साठ्यातले कॅल्शियम मोकळे करतो. साठा रिता होऊ लागला की पृष्ठभागावरच्या वाहिन्या उघडून बाहेरचे कॅल्शियमही आत येते. कॅल्शियमची ही वाढ कणिकांना पेशीच्या पटलाकडे नेऊन त्याच्याशी जोडते आणि आतले रसायन बाहेर पडते. पहिल्या फॉस्फेटपासून इथवर यायला काही मिनिटे पुरतात.

या साखळीला रोखणारे ग्राहीही पेशीवर असतात. आयजीजीला धरणारा एफसी-गॅमा-आर-टू-बी हा ग्राही आयजीई-ग्राहीच्या जवळ ओढला गेला, तर त्याच्याशी संलग्न विकर आतला संदेश विझवते. सिग्लेक-८ हाही असाच आवर घालणारा ग्राही आहे. पेशी पेटेल की नाही हे चेतवणाऱ्या आणि आवरणाऱ्या ग्राहींच्या जमाखर्चावर ठरते.

पहिली मिनिटे आणि नंतरचे तास

कणिकांतून सुटलेले हिस्टामिन जवळच्या रक्तवाहिन्यांवरच्या एच-वन ग्राहीवर बसते. वाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंतीतून द्रव बाहेर झिरपतो, आणि तोच द्रव त्वचेत साठून गांध फुगते. चेतातंतूंवरचा हाच ग्राही खाज निर्माण करतो. श्वासनलिकेत स्नायू आकसतात, आतड्यात मुरडा आणि जुलाब होतात. हिस्टामिनपाठोपाठ पेशी आपल्या पटलातल्या स्निग्धाम्लापासून प्रोस्टाग्लँडिन डी-२ आणि ल्युकोट्राइन ही रसायने नव्याने तयार करते. श्वासनलिका आवळण्यात ल्युकोट्राइन हिस्टामिनपेक्षा कितीतरी प्रभावी असतात. दमा नुसत्या हिस्टामिनविरोधी गोळीने आटोक्यात येत नाही, याचे हे एक कारण.

तिसरा टप्पा काही तासांनी येतो. ग्राहीचा संदेश पेशीकेंद्रापर्यंत पोचतो, जनुके कामाला लागतात आणि पेशी सायटोकाइन नावाची प्रथिने सोडू लागते. ती इओसिनोफिल आणि इतर पांढऱ्या पेशींना त्या जागी बोलावतात. सकाळी धूळ झाडताना आलेल्या शिंका थांबून संध्याकाळी नाक पुन्हा चोंदते, ते या उशिराच्या टप्प्यामुळे.

सगळ्या शरीरातल्या मास्ट पेशी एकदम पेटल्या तर रक्तदाब कोसळतो, घसा सुजतो, श्वास अडतो. याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. या वेळी पहिले औषध ॲड्रेनलिनच असते. प्रौढाला ते ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत दिले जाते. ते वाहिन्या आवळते, श्वासनलिका सैल करते आणि मास्ट पेशींवरच्या आपल्या ग्राहीमार्फत कणिका सुटण्यालाही आवर घालते. झटका मास्ट पेशींमुळेच आला होता का, हे नंतर रक्तातल्या ट्रिप्टेजच्या वाढीवरून पडताळता येते.

कोळंबी, झुरळ आणि धुळीतले किडे

बदलापूर परिसरातल्या सोनिवलीसारख्या ठिकाणी, उल्हास नदीच्या खोऱ्यात, आयजीई-ग्राहीला पेटवणारे पदार्थ शोधायला लांब जावे लागत नाही. ठाणे जिल्ह्यातल्या आगरी-कोळी स्वयंपाकात कोळंबी नित्याची, आणि पावसाळ्यात समुद्रातली मासेमारी बंद असते तेव्हा सोडे, जवळा आणि सुकट यांच्यावर भागवले जाते. कोळंबीत ॲलर्जीला कारण ठरणारे मुख्य प्रथिन कोणते, याचा छडा लावण्यात भारतीय प्रयोगशाळेचा मोठा वाटा आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पी. व्ही. सुब्बा राव यांच्या गटाने पांढऱ्या कोळंबीतली उष्णतेला दाद न देणारी ॲलर्जीकारक प्रथिने १९८९ मध्ये वेगळी केली, आणि त्यांतले प्रमुख प्रथिन म्हणजे स्नायूंमधले ट्रोपोमायोसिन, हे १९९३ मध्ये दाखवले. या कामात त्यांच्याबरोबर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले, मास्ट पेशींचेच अभ्यासक असलेले डीन मेटकाफ होते.

ट्रोपोमायोसिन हे ग्राही एकत्र आणायला सोयीचे प्रथिन आहे. त्याच्या लांब साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात आणि आयजीईला पकडता येईल अशा अनेक जागा त्यांच्या लांबीवर विखुरलेल्या असतात. एकच रेणू कित्येक आयजीईंना एकाच वेळी बांधू शकतो. शिजवून ते निष्प्रभ होत नाही, त्यामुळे कालवण उकळले किंवा कोळंबी वाळवून सोडे केले तरी ॲलर्जी असलेल्या माणसाचा धोका टळत नाही.

झुरळाच्या आणि धुळीतल्या किड्यांच्या शरीरातले ट्रोपोमायोसिन कोळंबीतल्यासारखेच असते. धुळीतले हे किडे डोळ्यांना दिसत नाहीत. गाद्या, उशा, गोधड्यांत ते माणसाच्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि पाणी हवेतल्या दमटपणातून शोषून घेतात. घरधुळीच्या ॲलर्जीचे मूळ तेच, हे नेदरलँड्समधल्या लायडन इथे राइंडर्ट व्होरहोर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात दाखवले. कोकणपट्टीत आणि उल्हास खोऱ्यात पावसाळ्याचे चार महिने हवा ओली असते. कपाटातल्या कपड्यांना बुरशीचा वास येऊ लागतो, त्याच काळात हे किडेही फोफावतात.

या साम्यामुळे तपासण्यांचा अर्थ लावताना घोटाळा होतो. धुळीतल्या किड्यांविरुद्ध आयजीई असलेल्या माणसाच्या रक्तात कोळंबीची तपासणीही सकारात्मक येऊ शकते, मग तो कोळंबी वर्षानुवर्षे सुखाने खात असला तरी. रक्तात आयजीई असणे आणि ग्राही पेटून त्रास होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. आयजीई किती घट्ट पकडते, ते प्रथिनावरच्या किती जागा ओळखते, आड येणारे आयजीजी किती आहे, या सगळ्यावर निकाल अवलंबून असतो. त्वचेवर केली जाणारी प्रिक चाचणी म्हणूनच उपयोगी पडते. अर्काचा थेंब ठेवून सुई टोचली आणि पंधरा-वीस मिनिटांत तुलनेच्या थेंबापेक्षा निदान ३ मिलिमीटर मोठी गांध उठली, तर त्या माणसाच्या जिवंत मास्ट पेशींवरचे ग्राही प्रत्यक्ष एकत्र येतात एवढे कळते. त्याआधी काही दिवस हिस्टामिनविरोधी गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. तरीही अंतिम शब्द रुग्णाने सांगितलेल्या अनुभवाचाच.

त्वचेची प्रत्येक ॲलर्जी मास्ट पेशींची नसते. गाजर गवत १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेत आले आणि पुढे देशभर पसरले. शेतात त्याच्याशी संबंध येणाऱ्यांच्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर येणारा जाड, काळपट चट्टा हे मुख्यतः टी-पेशींचे काम असते, आयजीई-ग्राहीचे नव्हे. बिब्बा उततो तेही तसेच. अशा त्रासाला मिनिटे नव्हे, एक-दोन दिवस लागतात, आणि त्याची पॅच चाचणी ४८ तासांनी वाचली जाते.

घोणस आणि ग्राहीचा उपयोग

नुसता त्रास देणारा ग्राही उत्क्रांतीत टिकला कसा, हा प्रश्न अभ्यासकांना जुना आहे. आतड्यातल्या जंतांविरुद्ध आयजीई मोठ्या प्रमाणात वाढते, म्हणून जंतांपासून संरक्षण हे एक उत्तर पूर्वीपासून दिले जाते. दुसरे उत्तर मार्जी प्रॉफेट यांनी १९९१ मध्ये मांडले : ॲलर्जी ही विषांना झटपट बाहेर काढण्याची यंत्रणा असावी.

या मताला प्रयोगाचा आधार अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन गॅली यांच्या गटाने दिला. मास्ट पेशींच्या कणिकांतली विकरे सापाच्या विषातले घटक तोडतात, आणि मास्ट पेशी नसलेले उंदीर सापाच्या आणि मधमाशीच्या विषाला जास्त बळी पडतात, हे त्यांनी २००६ मध्ये दाखवले. २०१३ मध्ये मधमाशीच्या विषावर आणि २०१६ मध्ये घोणस या सापाच्या विषावर त्यांनी आयजीईची भूमिका तपासली. उंदरांना आधी विषाची सौम्य मात्रा दिली, तर त्यांच्यात विषाविरुद्ध आयजीई घडते आणि पुढची मोठी मात्रा त्यांतले अधिक उंदीर सोसतात. आयजीई नसलेल्या किंवा आयजीई-ग्राहीची अल्फा साखळी नसलेल्या उंदरांत हे संरक्षण मिळाले नाही. कोळंबी खाणाऱ्या माणसाला संकटात टाकणारा ग्राही उंदराला घोणशीच्या विषापासून वाचवू शकतो.

घोणस हा महाराष्ट्रातल्या चार प्रमुख विषारी सापांपैकी एक, बाकीचे तीन म्हणजे नाग, मण्यार आणि फुरसे. भातशेतीच्या पट्ट्यात पावसाळ्यात आणि कापणीच्या वेळी त्याची गाठ पडते. उंदरांवरच्या प्रयोगावरून माणसाने मात्र दिलासा घेऊ नये. पूर्वी दंश झालेला माणूस सुरक्षित होत नाही. उलट वारंवार सापांशी संबंध येणाऱ्यांच्या शरीरात विषाविरुद्ध आयजीई घडून, पुढच्या वेळी विषाबरोबर ॲनाफिलॅक्सिसचाही धोका उभा राहतो. दंशावरचा इलाज रुग्णालयात मिळणारे प्रतिविष हाच आहे.

आयजीईशिवाय पेटणारी पेशी

प्रतिविष घोड्यांच्या रक्तद्रवापासून बनवले जाते. मुंबईत परळला हाफकिन संस्थेच्या परंपरेत त्याचे उत्पादन दीर्घकाळ होत आले आहे. प्रतिविष देताना काही रुग्णांना अंगावर पित्त उठणे, उलट्या, रक्तदाब घसरणे असा त्रास होतो. हे बहुतेक रुग्ण घोड्याच्या प्रथिनाला पहिल्यांदाच सामोरे जात असतात, त्यांच्यात आधीचे आयजीई नसते. मास्ट पेशी इथे बहुधा दुसऱ्या वाटांनी, रक्तातल्या पूरक प्रथिनांच्या तुकड्यांना ओळखणाऱ्या ग्राहींमुळे किंवा थेट चेतवल्या जाऊन पेटतात. म्हणूनच प्रतिविषाआधी त्वचेवर चाचणी घेऊन अशी प्रतिक्रिया आधी ओळखता येत नाही. ॲड्रेनलिन भरून हाताशी ठेवणे हाच योग्य मार्ग मानला जातो.

अशा वाटांपैकी एक २०१५ मध्ये स्पष्ट झाली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिनझाँग डाँग यांच्या गटाने दाखवले, की मुख्यतः त्वचेतल्या मास्ट पेशींवर असलेला एमआरजीपीआर-एक्स-टू हा ग्राही अनेक औषधांना थेट प्रतिसाद देतो. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके आणि शस्त्रक्रियेत वापरली जाणारी काही स्नायू-शिथिलके त्यांत येतात. गांधीलमाशीच्या विषातला मास्टोपॅरान हा घटकही याच ग्राहीवर बसतो. व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक शिरेतून घाईने दिले की चेहरा-मान लाल होऊन खाज सुटते, तेही याच ग्राहीचे काम. ही प्रतिक्रिया पहिल्याच मात्रेला होऊ शकते आणि आयजीईच्या चाचणीत तिचा माग लागत नाही. व्हँकोमायसिनचा एक ग्रॅम निदान तासभर वेळ घेऊन सोडला तर ती बहुधा टळते. आयजीईची खरी ॲलर्जी असती तर वेग कमी करून भागले नसते, म्हणून हा भेद रुग्णासाठी महत्त्वाचा आहे.

पेशीच्या अस्तित्वाचाच आधार असलेला आणखी एक ग्राही म्हणजे किट. ऊतींतल्या स्टेम सेल फॅक्टर या प्रथिनाला तो ओळखतो, आणि त्याच्याशिवाय मास्ट पेशी पक्व होत नाहीत की जगत नाहीत. या ग्राहीच्या जनुकात दोष असलेल्या उंदरांत मास्ट पेशी जवळजवळ नसतात, हे ओसाकाच्या युकिहिको कितामुरा यांनी १९७८ मध्ये दाखवले. असे उंदीर पुढे मास्ट पेशींच्या कार्याच्या असंख्य प्रयोगांचा पाया ठरले. उलट किटच्या ८१६ व्या जागेवरचा एक विशिष्ट बदल ग्राहीला सतत चालू ठेवतो. मग मास्ट पेशी बेसुमार वाढतात आणि मास्टोसायटोसिस हा विकार होतो.

ग्राहीविरुद्धच प्रतिपिंडे

सहा आठवड्यांहून अधिक काळ, बाहेरचे ठरावीक कारण नसताना, जवळजवळ रोज पित्त उठत राहिले तर त्याला दीर्घकालीन शीतपित्त म्हणतात. रुग्ण वांगी सोडतो, अंडी सोडतो, मासे सोडतो, तरी गांधी थांबत नाहीत. लंडनमधल्या अभ्यासकांनी १९९३ मध्ये अशा काही रुग्णांच्या रक्तात आयजीई-ग्राहीच्या अल्फा साखळीविरुद्धचीच प्रतिपिंडे असल्याचे दाखवले. दोन फाट्यांचे असे प्रतिपिंड दोन ग्राहींना एकत्र आणते, आणि कोणताही बाहेरचा पदार्थ नसताना पेशी पेटते. मेट्झगर यांच्या गटाने परीक्षानळीत जे घडवले होते, त्याचाच हा रोगरूपातला अवतार. सर्वच रुग्णांत हे कारण सापडत नाही, पण ज्यांच्यात सापडते त्यांना एकामागून एक पदार्थ सोडायला लावण्यात अर्थ नसतो.

ग्राहीवर आधारलेले उपचार

हिस्टामिनविरोधी गोळ्या मास्ट पेशीला थांबवत नाहीत. त्या पुढच्या टोकाला, रक्तवाहिनी आणि चेतातंतूवरच्या एच-वन ग्राहीला अडवतात. ॲलर्जीकारक पदार्थ वाढत्या मात्रेत दीर्घकाळ देण्याची पद्धत लेनर्ड नून यांनी १९११ मध्ये परागज्वरासाठी प्रसिद्ध केली. त्यातून कालांतराने आयजीजी वाढते. ते परक्या प्रथिनाला ग्राहीपर्यंत पोचण्याआधीच पकडते आणि आवर घालणाऱ्या ग्राहीलाही कामाला लावते.

थेट आयजीई आणि ग्राहीमधल्या जोडणीवर घाव घालणारे पहिले औषध ओमालिझुमॅब. अमेरिकेत दम्यासाठी त्याला २००३ मध्ये, दीर्घकालीन शीतपित्तासाठी २०१४ मध्ये आणि अन्नाच्या ॲलर्जीसाठी २०२४ मध्ये मान्यता मिळाली. हे आयजीईविरुद्धचे प्रतिपिंड आहे, मग ते टोचल्यावर ग्राही एकत्र येऊन झटका का येत नाही? ते आयजीईच्या नेमक्या त्याच भागाला पकडते, जो ग्राहीत रुतायचा असतो. आधीच ग्राहीवर बसलेल्या आयजीईचा तो भाग झाकलेला असल्याने औषध तिथे पोचत नाही. रक्तातले मोकळे आयजीई तेवढे अडकते.

या औषधामुळे ग्राहीचा एक गुणही उजेडात आला. डोनाल्ड मॅकग्लॅशन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले, की तीन महिन्यांच्या उपचाराने एका बेसोफिल पेशीवरच्या ग्राहींची संख्या सुमारे २ लाख २० हजारांवरून ८ हजारांवर आली. आयजीई बसलेला ग्राही पृष्ठभागावर टिकतो, रिकामा ग्राही पेशी आत ओढून मोडीत काढते. आयजीई वाढले की ग्राही वाढतात, घटले की घटतात. त्वचेतल्या मास्ट पेशींवर हा बदल बेसोफिलपेक्षा सावकाश होतो. इंजेक्शनाचा पूर्ण गुण यायला काही रुग्णांत आठवडे, काहींत महिने लागतात, आणि औषध बंद करून आयजीई पुन्हा मोकळे झाले की ग्राहीही परततात. म्हणून हा उपचार सुरू करताना तो किती काळ चालवायचा, याचा विचार डॉक्टर आणि रुग्णाला आधीच करावा लागतो.